मुदतीत पोहोचलेला विजेता

गडचांदूरच्या बाजारपेठेचा दिवस लवकर सुरू होतो. माणिकगडच्या डोंगररांगांवर उजेड पसरतो, सिमेंट कारखान्याची पाळी बदलते, राजुरा-कोरपना रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ वाढते आणि किराणा, कापड, हार्डवेअर, बियाणे व खतांच्या दुकानांची शटर एकामागून एक वर सरकू लागतात. तेव्हापासून रात्री दुकान वाढवेपर्यंत व्यापाऱ्याचे बारा-तेरा तास गादीवर किंवा गल्ल्यामागच्या खुर्चीवर जातात. जेवण गिऱ्हाइकाच्या सोयीने, विश्रांती हिशेबाच्या सोयीने. पन्नाशी येईपर्यंत दुकानाचा विस्तार झालेला असतो आणि पोटाचाही. मग कधीतरी चंद्रपूरला किंवा नागपूरला तपासणी होते आणि घरात रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्यांचा प्रवेश होतो.

याच घरांतील दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, पुष्कळदा एखादी ढाल किंवा चषक मांडलेला असतो. शालेय कबड्डीचा, खो-खोचा, नाहीतर धावण्याच्या शर्यतीचा. त्यावरचे साल निरखून पाहिले तर ते दहावीच्या आधीचे निघते. ‘दहावी आली, आता खेळ पुरे’ हे वाक्य व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले गेले आहे. दहावीनंतर बारावी येते, मग वाणिज्य शाखेची पदवी, मग दुकान, मग संसार. खेळ काही परत येत नाही.

एकदा सुटलेला खेळ आणि एकदा बसलेले शरीर पुन्हा उभे राहू शकते का? या प्रश्नाचे उत्तर एका मराठी खेळाडूच्या आयुष्यात सापडते. त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मात्र तो मुळात खेळाडू आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ते नाव म्हणजे मिलिंद सोमण.

दादरचा तलाव

मिलिंद सोमण यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९६५ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. वडील प्रभाकर सोमण वैज्ञानिक, तर आई उषा सोमण जीवरसायनशास्त्राच्या अध्यापिका. मिलिंद सात वर्षांचे असताना कुटुंब भारतात परतले आणि मुंबईत दादरच्या शिवाजी पार्क परिसरात स्थिरावले. शिवाजी पार्क म्हटले की क्रिकेट, हे समीकरण मुंबईत पक्के आहे. या मुलाने मात्र मैदानाऐवजी जवळचा जलतरण तलाव निवडला.

जलतरण हा कठोर खेळ आहे. येथे सहकारी नसतो, टाळ्या ऐकू येत नाहीत, पाण्याखाली तळाची काळी रेघ तेवढी दिसते. तीच रेघ पाहत दररोज पहाटे आणि संध्याकाळी हजारो मीटर अंतर कापायचे, आणि वर्षभराच्या कष्टानंतर वेळेत एखाद्या सेकंदाची सुधारणा झाली तर समाधान मानायचे. सोमण यांनी हे व्रत बालपणापासून तेविसाव्या वर्षापर्यंत पाळले. वयाच्या दहाव्या वर्षी ते महाराष्ट्राच्या संघातून पोहले. ब्रेस्टस्ट्रोक हा त्यांचा प्रकार. ऐंशीच्या दशकात त्यांनी या प्रकारात राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि १९८४ साली काठमांडू येथे झालेल्या पहिल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व केले.

या काळात शिक्षण थांबले नव्हते. त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदविका पूर्ण केली. खेळ आणि अभ्यास यांत एकाची निवड करावी लागते, असे ज्या पालकांना वाटते त्यांनी ही नोंद लक्षात ठेवण्याजोगी आहे. दोन्ही डोलारे एकाच मुलाने सांभाळले, कारण घराने त्याला दोन्हीसाठी वेळ आखून दिला.

पंधरा वर्षांचा खंड

मात्र पुढे जे घडले ते दहावीनंतर खेळ सोडणाऱ्या मुलांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. तेविसाव्या वर्षी सोमण यांनी स्पर्धात्मक पोहणे सोडले. त्या काळी भारतात जलतरणपटूला खेळावर चरितार्थ चालवणे जवळजवळ अशक्य होते. जाहिरातीच्या क्षेत्रातून विचारणा झाली, छायाचित्रे गाजली, आणि पाहता पाहता हा अबोल जलतरणपटू देशातील आघाडीचा मॉडेल झाला. १९९५ साली अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’ या गाण्याच्या चित्रफितीने त्यांचा चेहरा घराघरांत पोहोचवला. १९९८ मध्ये दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ ही मालिका आली आणि मुलांना त्यांच्या रूपाने अवकाशवीर मिळाला.

बाहेरून पाहणाऱ्याला हा भरभराटीचा काळ वाटेल. पैसा होता, नाव होते. शरीराच्या वहीत मात्र जमेची बाजू कोरी होती. नियमित व्यायाम सुटला होता. सिगारेटचे व्यसन जडले होते, हे सोमण यांनी पुढे स्वतःच उघडपणे सांगितले आणि ते व्यसन सोडलेही. ज्याच्या देखण्या शरीराकडे देश पाहत होता, त्याच शरीराची देखभाल मालकाकडून होत नव्हती. दुकानाची रंगरंगोटी उत्तम आणि गोदामात वाळवी, अशी ही अवस्था.

असा खंड सुमारे पंधरा वर्षांचा. सदतीस-अडतीस वर्षांचा माणूस बहुधा येथे म्हणतो, ‘आमच्या वेळी आम्हीही खेळत होतो’, आणि विषय संपवतो.

सोमण यांच्या आयुष्यात येथेच वळण आले. १५ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा भरली. तिच्या २१ किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनमध्ये अडतिसाव्या वर्षी सोमण उतरले. पोहणाऱ्याला धावणे सोपे जाईल, हा समज खरा नाही. पाणी शरीराचे वजन पेलते. रस्ता ते पावलागणिक परत करतो. स्नायू वेगळे, लय वेगळी, दुखणी वेगळी. त्यातून एकेकाळच्या राष्ट्रीय विजेत्याला हजारोंच्या गर्दीत कितीतरी लोक मागे टाकून पुढे जाणार होते. हे पचवणे स्नायूंच्या दुखण्यापेक्षा अवघड असते. सोमण यांनी ते पचवले आणि धावणे सोडले नाही. पुढे २०१२ साली त्यांनी दिल्ली ते मुंबई हे सुमारे १,५०० किलोमीटरचे अंतर ३० दिवसांत धावून पार केले. म्हणजे सरासरी दिवसाला ५० किलोमीटर, तेही सलग महिनाभर.

तीन खेळांची एक शर्यत

धावण्याने पाया भरल्यावर त्यांनी ज्या खेळाकडे मोर्चा वळवला त्याचे नाव ट्रायथलॉन. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार एकामागून एक, मध्ये विश्रांती न घेता पूर्ण करायचे. कपडे आणि जोडे बदलायला लागणारा वेळही घड्याळात धरला जातो. २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकपासून या खेळाला ऑलिम्पिकमध्ये स्थान मिळाले. तेथे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते.

याच खेळाचा सर्वांत प्रसिद्ध आणि दीर्घ प्रकार म्हणजे आयर्नमॅन. त्याचा जन्म हवाई बेटांवर एका वादातून झाला. पोहणारा अधिक तंदुरुस्त, धावणारा की सायकलस्वार, अशी चर्चा रंगली असता जॉन कॉलिन्स या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने एक तोड काढली. बेटावर तिन्ही खेळांच्या ज्या दीर्घ स्पर्धा निरनिराळ्या भरत होत्या, त्या एकाच दिवशी सलग पार कराव्यात! १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण या साहसात उतरले आणि बारा जणांनी ते पूर्ण केले. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॉलर यांना पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला.

अंतरे आजही तीच आहेत: ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन. गडचांदूरच्या वाचकाला अंदाज यावा म्हणून सांगायचे तर सायकलचा टप्पाच जवळजवळ चंद्रपूरहून नागपूर गाठून पुढे आणखी काही गावे ओलांडण्याइतका आहे. आणि त्यानंतर सायकल ठेवून मॅरेथॉन सुरू करायची आहे. प्रत्येक टप्प्याला मुदत असते. पोहणे साधारणतः २ तास २० मिनिटांत संपले नाही तर स्पर्धकाला तेथेच थांबवतात. संपूर्ण शर्यतीची मुदत बहुतेक ठिकाणी १७ तास, काही ठिकाणी त्याहून कमी.

‘एवढ्या कष्टाला मांसाहार लागत असेल’ हा आक्षेप आपल्याकडे हमखास ऐकू येतो. त्याला या खेळाच्या इतिहासानेच उत्तर दिले आहे. अमेरिकेचे डेव्ह स्कॉट यांनी १९८० ते १९८७ या काळात हवाई येथील आयर्नमॅन सहा वेळा जिंकली, आणि ऐन भराच्या त्या वर्षांत त्यांचा आहार शाकाहारी होता. हेच स्कॉट १९९४ मध्ये चाळिसाव्या वर्षी पुन्हा उतरले आणि दुसरे आले. १९९६ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी पाचवे आले. आहार आणि वय या दोन्ही सबबी त्यांनी एकाच आयुष्यात निकालात काढल्या.

झुरिकचे पंधरा तास

जुलै २०१५ मध्ये मिलिंद सोमण स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे आयर्नमॅनसाठी उभे राहिले. पन्नासाव्या वाढदिवसाला साडेतीन महिने उरले होते. आयर्नमॅन पूर्ण करणारे ते पहिले भारतीय नव्हेत, हेही येथे सांगितले पाहिजे. पुण्याचे जलतरणपटू कौस्तुभ राडकर यांनी त्याआधीच ही शर्यत अनेकदा पूर्ण केली होती, आणि अनु वैद्यनाथन यांनी भारतीय स्त्री या खेळात कोठवर मजल मारू शकते हे दाखवून दिले होते. सोमण यांचे वेगळेपण हे की त्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर हा संकल्प सोडला.

सकाळी तलावात उडी, दुपारभर डोंगराळ रस्त्यांवर सायकल, आणि संध्याकाळ कलल्यावर मॅरेथॉन. या शर्यतीत शरीराचा ताळेबंद अगदी रोख असतो. स्नायूंत व यकृतात साठवलेली साखर काही तासांतच संपते. म्हणून वाटेत दर तासाला ठरावीक प्रमाणात पाणी, क्षार आणि पिष्टमय पदार्थ घ्यावे लागतात. कमी घेतले तर शक्ती संपते, अधिक घेतले तर पोट बिघडते. सुरुवातीला उत्साहात वेग वाढवला तर ते कर्ज शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये व्याजासह फेडावे लागते. पहिल्या तासातला संयम पंधराव्या तासाला कामी येतो.

सोमण यांनी ती शर्यत १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. झुरिकची मुदत १६ तासांची होती. म्हणजे हाती उरली होती केवळ ४१ मिनिटे.

या आकड्यापाशी क्षणभर थांबले पाहिजे. जागतिक दर्जाचे विजेते आयर्नमॅन आठ तासांच्या आसपास संपवतात. म्हणजे विजेते अंतिम रेषा ओलांडून, स्नान-भोजन आटोपून विसावले असतील तेव्हा सोमण यांची निम्मी शर्यत बाकी होती. तरुणपणी हाच माणूस शंभर मीटरच्या शर्यतीत मिनिटभरात इतरांना मागे टाकून पहिला येत असे. पहिला येण्याची सवय लागलेल्या माणसाने पन्नाशीत पंधरा तास पळून शेकडो लोकांच्या मागे पोहोचावे आणि त्यातच धन्यता मानावी, हे सोपे नाही. पुष्कळ जुने खेळाडू मैदानाकडे फिरकत नाहीत, त्याचे कारण गुडघे नसून हा अहंकार असतो. ‘पूर्वीसारखे जमणार नाही, मग कशाला?’ सोमण यांनी या प्रश्नाचे ओझे तीरावरच ठेवले आणि ते पाण्यात उतरले. त्यांच्या आयुष्यातील खरे विजेतेपद कोणते, हे ठरवायचे झाल्यास ऐंशीच्या दशकातील पदकांपेक्षा झुरिकचे हे ‘मुदतीत पोहोचणे’ अधिक मोलाचे ठरावे.

बालपणीचे पोहणे येथे कामाला आले यात शंका नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर दहा-पंधरा वर्षे त्यांनी नियमाने आवर्ती ठेव भरली होती. पुढची पंधरा वर्षे हप्ते थकले. पण खाते बंद झाले नव्हते. अडतिसाव्या वर्षी हप्ते पुन्हा सुरू झाले आणि अकरा वर्षांनी झुरिकला ती ठेव फळली. मुलांना दहावीपूर्वी मिळालेला खेळ वाया जात नाही, तो असा जमा राहतो. प्रश्न एवढाच की पुढे हप्ता कोण भरणार.

अनवाणी पावले

पुढच्या काही वर्षांत सोमण यांनी जोडेही बाजूला ठेवले. २०१६ साली अहमदाबाद ते मुंबई हे पाचशेहून अधिक किलोमीटरचे अंतर त्यांनी अनवाणी धावून पार केले. या अंकाच्या वाचकांना अनवाणी चालण्याचे अप्रूप सांगण्याची गरज नाही. चातुर्मास संपला की साधू-साध्वींचा पदविहार सुरू होतो. उन्हातान्हात, डांबरी रस्त्यावरून, गावोगाव. त्यामागचा हेतू निराळा आणि त्याची उंचीही निराळी. खेळाडूच्या धावण्याशी त्याची तुलना करू नये. पण जोड्यांवाचून शेकडो किलोमीटर जाण्याची शक्ती मानवी पावलांत असते, याचा पुरावा आपल्या उंबऱ्यावर दरवर्षी येतो आणि आपण वंदन करून पुन्हा खुर्चीवर बसतो, एवढे मात्र नोंदवले पाहिजे.

त्याच वर्षी एक दृश्य देशभर पाहिले गेले. महामार्गावर अनवाणी धावणाऱ्या मुलाला सोबत करण्यासाठी उषा सोमण रस्त्यावर उतरल्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, अंगावर साडी, पायांत काही नाही. मायलेक शेजारी शेजारी धावत होते. मुलाच्या खेळाचा उगम कोणत्या घरात आहे, हे त्या दृश्याने वेगळे सांगायला नको होते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये सोमण यांनी अमेरिकेतील फ्लोरिडा येथे अल्ट्रामॅन ही स्पर्धा पूर्ण केली. ही आयर्नमॅनहूनही दीर्घ. तीन दिवसांत सुमारे ५१७ किलोमीटर. पहिल्या दिवशी १० किलोमीटर पोहून सुमारे १४५ किलोमीटर सायकल, दुसऱ्या दिवशी पावणेतीनशे किलोमीटर सायकल आणि तिसऱ्या दिवशी ८४ किलोमीटर, म्हणजे दोन मॅरेथॉनइतके धावणे. प्रत्येक दिवसाला बारा तासांची मुदत. कौस्तुभ राडकर यांच्यासह आणखी काही भारतीयही त्या स्पर्धेत होते. सोमण तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते आणि तिसऱ्या दिवशीचे धावणे त्यांनी अनवाणी केले.

स्वतःच्या धावण्यापुरतेच त्यांनी पाहिले असते तर ही कथा अपुरी राहिली असती. २०१२ साली रीमा संघवी यांच्या साथीने त्यांनी ‘पिंकेथॉन’ ही केवळ स्त्रियांसाठीची धाव सुरू केली. स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृती आणि स्त्रियांनी स्वतःच्या प्रकृतीसाठी वेळ काढावा, हे तिचे उद्दिष्ट. या धावेत साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, कडेवर मूल घेऊन आलेल्या स्त्रिया दिसतात. तीन किलोमीटरपासून आरंभ असल्याने कोणालाही संकोच वाटत नाही. व्यापारी घरांतील स्त्री सर्वांचे पथ्यपाणी सांभाळते आणि स्वतःची तपासणी पुढे ढकलत राहते. तिच्यासाठी हा उपक्रम विशेष अर्थपूर्ण आहे.

वयाची सबब

सोमण यांना लहानपणचा पाया होता, आम्हांला कोठे आहे, असे कोणी म्हणेल. त्यांनी जपानच्या हिरोमु इनादा यांच्याकडे पाहावे. निवृत्तीनंतर साठीत ते पोहू लागले, सत्तरीत पहिली ट्रायथलॉन केली आणि २०१८ साली, पंच्याऐंशीव्या वर्षी, हवाईतील आयर्नमॅन मुदतीत पूर्ण केली. अमेरिकेतील ख्रिस्ती साध्वी मॅडोना ब्यूडर यांनी पहिली ट्रायथलॉन बावन्नाव्या वर्षी केली आणि २०१२ साली ब्याऐंशीव्या वर्षी आयर्नमॅन पूर्ण केली. व्रतस्थ जीवन आणि शरीराची तपश्चर्या यांत त्यांना विरोध दिसला नाही.

फार दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या विदर्भातील, नागपूरचे डॉ. अमित समर्थ हे व्यवसायाने सार्वजनिक आरोग्याचे डॉक्टर. आयर्नमॅनच्या वाटेने ते दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगकडे वळले. २०१७ साली ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,९०० किलोमीटरची शर्यत त्यांनी एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजारांहून अधिक किलोमीटरची सैबेरियातील शर्यत त्यांनी पार केली. विदर्भाचे ऊन आणि विदर्भाचे रस्ते यांवरच हा सायकलपटू घडला.

गडचांदूरच्या व्यापाऱ्याने काय घ्यावे?

उद्या सकाळी कोणी झुरिकला जायचे नाही. ही कथा वाचून एकदम दहा किलोमीटर धावायला निघणे हा तर घातच ठरेल. चाळिशी ओलांडलेल्या, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्या व्यक्तीने प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटना सांगते तेवढे, म्हणजे आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे, हा पहिला टप्पा. आठवड्यातील पाच दिवस, रोज अर्धा तास. दुकानाच्या बारा तासांतून अर्धा तास काढणे अशक्य आहे असे ज्याला वाटते, त्याने मोबाइलवर रोज किती वेळ जातो ते एकदा तपासून पाहावे.

आपल्या भागाच्या काही अडचणी खऱ्या आहेत. चंद्रपूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. तेव्हा व्यायाम सूर्योदयापूर्वीच आटोपावा आणि पाणी अगोदर प्यावे. जे सूर्योदयानंतरच पाणी घेतात त्यांनी वैशाखात दमवणारा व्यायाम टाळून संध्याकाळची, ऊन उतरल्यानंतरची वेळ साधावी. हमरस्त्यावर सिमेंटच्या मालमोटारी धावतात, म्हणून चालण्यासाठी शाळेचे मैदान किंवा वस्तीतील अंतर्गत रस्ते बरे. जंगलालगतच्या वाटांवर अंधारात एकट्याने जाऊ नये. या जिल्ह्यात वाघ-बिबट्याचा वावर ही ऐकीव गोष्ट नाही. आणि पोहण्याची आवड लागली म्हणून मुलांनी अंमलनाल्याच्या धरणात किंवा नदीच्या डोहात उतरू नये. पोहणे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, तलावातच शिकावे.

तरुणांना मोठी आकांक्षा असेल तर वाट आता पूर्वीइतकी दूरची राहिलेली नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आयर्नमॅन प्रथमच भरली. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. त्यासाठी परदेशवारी लागत नाही; लागते ती वर्षभराची शिस्त.

आणि सर्वांत महत्त्वाची सुधारणा घरातच करता येईल. मुलगा किंवा मुलगी दहावीत गेली म्हणजे खेळ बंद करू नये; वेळ कमी करावा, पण खाते चालू ठेवावे. रोज दोन तासांऐवजी अर्धा तास, पण तो सुटता कामा नये. व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मंदी आली म्हणून कोणी दुकानाची किल्ली फेकून देत नाही. माल कमी भरतो, पण शटर रोज उघडतो.

काचेच्या कपाटातील त्या जुन्या चषकावर पुढचे साल कोरले जाणार नाही, हे खरे. सोमण यांच्याही राष्ट्रीय पदकांत झुरिकने नवे पदक घातले नाही. अंतिम रेषेपाशी पोहोचले तेव्हा त्यांच्यापुढे शेकडो जण होते आणि घड्याळात १५ तास १९ मिनिटे. मुदत टळली नव्हती, एवढेच महत्त्वाचे. पन्नाशीतील अनेक वाचकांचीही मुदत अजून टळलेली नाही.